काऊबॉयचा टोपीवाला

चोर्ला घाट चढून बेळगावला जाताना कणकुंबी मागे पडली की मला जांबोटीच्या चहाचे वेध लागतात. गेल्या मे महिन्यात असेच थांबलो होतो. शेजारच्या टेबलावर गोवा बघून परतणारे पाच-सहा तरुण होते. प्रत्येकाच्या डोक्यावर आमच्या किनाऱ्यांवर विकतात तसली रुंद काठाची काऊबॉय हॅट. समोरच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक म्हातारेबाबा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी मला विचारले,

"ही टोपी कुठली हो, साहेब?"

"अमेरिकेची."

"तिथं कोण घालतंय?"

"गुराखी."

बाबा मिश्किल हसले. "मग आमचीच की!"

त्या एका वाक्यामुळे मी घरी येऊन या टोपीचा इतिहास वाचायला बसलो. पहिलाच धक्का असा की ही टोपी कुणा गुराख्याने केलेली नाही. ती केली जॉन बॅटरसन स्टेटसन या शहरी कारागिराने. त्याचा जन्म 1830 सालचा, न्यू जर्सीतला. बाप टोपीवाला, म्हणून मुलगाही टोपीवाला. पुढे क्षयाने गाठले, तेव्हा हवापालट म्हणून तो पश्चिमेला गेला आणि कोलोरॅडोत सोने शोधणाऱ्यांच्या गर्दीत मिसळला.

तिथली एक गोष्ट सांगतात. विणल्याशिवाय कापड होत नाही, असे सोबती म्हणत होते. स्टेटसनने कातड्यावरची लव काढली, ती पिंजून थरावर थर दिला, पाणी शिंपडले आणि उकळत्या पाण्यात घालून घालून दाबली. लव एकमेकींत गुंतून घट्ट नमदा तयार झाला. आपल्या धनगराची घोंगडी मागावर विणतात, नमद्याला माग लागत नाही. त्याची त्याने मोठ्या काठाची टोपी केली आणि ती एका घोडेस्वाराने सोन्याचे पाच डॉलरचे नाणे देऊन विकत घेतली म्हणे. गोष्टीत थोडे मीठमसाला असेलही, पण नमद्याची कृती खरी आहे.

1865 साली त्याने फिलाडेल्फियात शंभर डॉलर भांडवलावर धंदा सुरू केला. तिथेच 'बॉस ऑफ द प्लेन्स' ही टोपी निघाली. माथा साधा, गोल, काठ सपाट आणि रुंद. ऊन अडवायची, पाऊस झेलायची, वेळ पडली तर पाणीही भरून घ्यायची. नमुन्याची एकेक टोपी त्याने पश्चिमेकडच्या दुकानदारांना धाडली आणि सोबत डझनाची मागणी करा असे कळवले. आज आपण चित्रपटात बघतो ती माथ्यावरची खोबण आणि वळवलेला काठ मात्र घालणाऱ्यांनी दिला. टोपी कारखान्याची, ऐट गुराख्यांची!

1906 साली स्टेटसन वारला. कामगारांसाठी त्याने दवाखाना आणि घरकर्जाची सोय केली होती. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाला त्याचे नाव आहे. 1915 च्या सुमारास कारखान्यात 5,400 माणसे वर्षाला 33 लाख टोप्या करीत होती. पण या धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लव गुंतावी म्हणून तिला पाऱ्याचे क्षार लावीत. त्याच्या वाफेने टोपीकामगारांचे हात कापू लागत, डोके बिघडे. अमेरिकेत हा पारा बंद व्हायला 1941 साल उजाडले. टोपी घालणाऱ्याचे उन्हापासून रक्षण होत होते, तिथे करणाऱ्याचे डोके मात्र जात होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोक मोटारीतून फिरू लागले, बोडक्या डोक्याची फॅशन आली. 1971 साली फिलाडेल्फियाचा तो कारखाना बंद पडला. स्टेटसन टोप्या आता टेक्सासमधल्या गार्लंड गावी होतात.

हे वाचताना मला जांबोटीच्या बाबांची टोपी आठवत राहिली. तिलाही कर्ता आहे. गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांच्या टोप्या पाहून, काश्मिरी टोपीवरून खादीची ही टोपी ठरवली. तिची घडी होते, ती खिशात मावते, धुवायला सोपी. काही काळ बेळगावात शिक्षक असलेल्या काकासाहेब कालेलकरांनी ही हकीकत नोंदवली आहे. गंमत म्हणजे 1924 साली गांधीजी बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तोवर त्यांनी स्वतः टोपी सोडून तीन वर्षे झाली होती. टोपी मात्र लोकांनी धरून ठेवली.

माझे वडील टोपीशिवाय कचेरीत गेले नाहीत. मी तसल्याच कचेरीत वीस वर्षे फायली हलवतो आहे, एकदाही टोपी घातली नाही. त्यांची शेवटची टोपी आमच्या ट्रंकेत आहे. परवा ती काढून पाहिली. घडीवर पिवळी रेघ पडली आहे, आतल्या पट्टीवर तेलाचा डाग आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, घालून बघा ना." आरशासमोर उभा राहिलो. टोपी मला दोन बोटे लहान झाली. धुऊन, नवी घडी घालून ती परत ठेवली आहे.