विदेशी फिंच पाळताना : ओळख, कागदपत्रे आणि संगोपन

पक्षीबाजारात 'फिंच' या नावाने विकले जाणारे बहुतेक छोटे, बियाखाऊ पक्षी हे एस्ट्रिल्डिडी या एकाच कुळातील आहेत. ऑस्ट्रेलियातील गोल्डियन फिंच व झेब्रा फिंच, इंडोनेशियातील जावा चिमणी आणि माणसाळलेली बेंगालीज फिंच हे सगळे या कुळाचे सदस्य होत. आपल्या शेताच्या बांधावर, गवताळ पडीक जमिनीवर थव्याने उतरणाऱ्या मुनियाही याच कुळातल्या. हे नाते हौशी पक्षीपालकाने प्रथम ध्यानात घ्यावे. कारण विदेशी फिंच पाळणे हा कायदेशीर छंद आहे, तर देशी मुनिया पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. आणि बाजारात एकीच्या नावाखाली दुसरी गळ्यात मारली जाते.

पांढुर्णा आणि सौंसर भागातील हौशी पालकाला पक्ष्यांच्या खरेदीसाठी नागपूरच सोयीचे पडते. खरेदी महाराष्ट्रात आणि पालन मध्य प्रदेशात, अशी ही विभागणी असल्याने कागदपत्रांची काळजी येथे अधिक घ्यावी लागते.

'आयात' म्हणजे नेमके काय?

बाजारात 'इम्पोर्टेड' म्हणून विकला जाणारा गोल्डियन फिंच थेट ऑस्ट्रेलियातून आलेला नसतो. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्येच आपल्या वन्य पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. त्यामुळे आज जगभर पाळले जाणारे गोल्डियन हे अनेक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत. परदेशातून जिवंत पक्षी आणायचा झाल्यास विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना, केंद्रीय पशुसंवर्धन विभागाची आरोग्यविषयक आयात परवानगी आणि विलगीकरण केंद्रातील तपासणी हे टप्पे पार करावे लागतात. घरगुती पालकाच्या आवाक्यातील ही गोष्ट नव्हे. त्याने देशातील विश्वासू प्रजनकाकडून, येथेच जन्मलेले पक्षी घ्यावेत. असे पक्षी स्थानिक हवेला व धान्याला सरावलेले असतात, हा आणखी एक लाभ.

पूर्वी हा व्यापार उलट दिशेने चाले. आपल्या लाल मुनियेचे शास्त्रीय नाव 'अमांडावा' आणि इंग्रजी नाव 'अवदावत' ही दोन्ही अहमदाबाद या शहरनामाची अपभ्रष्ट रूपे आहेत. तेथून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून युरोपात जात असत. बेंगालीज फिंचच्या नावात बंगाल असला तरी तिचा बंगालशी संबंध नाही. चीनमधून जपानात नेलेल्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून १८व्या शतकापासून ती तेथे घडवली गेली. ही फिंच वन्य अवस्थेत कोठेही आढळत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' करारातील प्रजाती या दुरुस्तीने अनुसूची ४ मध्ये समाविष्ट झाल्या. अशा प्रजातीचा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करणे आता बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले. तेव्हा ज्यांच्याकडे असे प्राणी होते, त्यांना सहा महिन्यांची मुदत होती. आता नव्याने प्राणी ताब्यात घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत 'परिवेश २.०' या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे अर्ज करावयाचा आहे. नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. हस्तांतर, पिल्लांचा जन्म आणि पक्ष्याचा मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते.

फिंच पाळणाऱ्यांच्या दृष्टीने या तरतुदीचा अर्थ असा :

• गोल्डियन, झेब्रा आणि बेंगालीज फिंच या साइट्सच्या परिशिष्टांत नाहीत. त्यांना ही नोंदणी लागत नाही. तथापि खरेदीची पावती जपून ठेवावी.

• जावा चिमणी साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. करड्या रंगाची असो वा पांढरी, तिची नोंदणी आवश्यक आहे. अनेक पालक तिला साधी पाळीव चिमणी समजतात आणि येथेच चुकतात.

• बजरीगर, कॉकाटील आणि पीच-फेस्ड लव्हबर्ड हे पोपट वर्गातले पक्षी साइट्समधून वगळलेले आहेत. 'आमच्या लव्हबर्डला कागद लागला नाही, मग जावाला कशाला?' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. 'लव्हबर्ड' नावाच्या इतर जातींनाही ही सूट नाही.

• हिरवी मुनिया ही केवळ भारतात, मुख्यत्वे मध्य भारतात आणि राजस्थानातील माउंट अबूच्या परिसरात आढळणारी दुर्मीळ प्रजाती आहे. पिंजऱ्यांसाठी झालेली पकड हे तिच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण. ती साइट्सच्या यादीतही आहे आणि देशी पक्षी म्हणून संरक्षितही. कोणत्याही किमतीला, कोणत्याही कागदावर ती घरी आणता येत नाही.

नोंदणी पालकाच्या राज्यात होते, विक्रेत्याच्या नव्हे. नागपुरातून आणलेल्या जावा चिमणीची नोंद पांढुर्ण्याच्या रहिवाशाने मध्य प्रदेशातच करावयाची आहे. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. अर्जात जिल्ह्याचे नाव लिहिताना जुन्या सवयीने चूक होऊ देऊ नये.

रंगवलेली मुनिया ओळखावी कशी?

देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून देशात पूर्णपणे बंद आहे. तरीही जाळ्यात धरलेल्या मुनिया हिरव्या, गुलाबी, पिवळ्या रंगात बुडवून 'विदेशी फिंच' म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. घेणाऱ्याला फसवणूक झाल्याचे कळते, तोवर संरक्षित पक्षी त्याच्या ताब्यात असतो. गुन्हा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रजाती पहिल्या अनुसूचीतील असल्यास कारावास किमान तीन व कमाल सात वर्षांचा आहे.

पुढील खुणा पाहाव्यात. रंगवलेल्या पक्ष्याची पिसे चिकटलेली, राठ दिसतात. रंग एकसारखा नसतो. पंखाखाली व पिसांच्या मुळाशी मूळ तपकिरी छटा राहते. ओल्या कापसाने हलकेच पुसल्यास रंग उतरू शकतो. पायांवर, चोचीच्या कडेला डाग आढळतात. जाळ्यातला पक्षी माणूस जवळ येताच जाळीवर आदळतो. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी एवढा बिथरत नाही. खऱ्या गोल्डियनच्या नराची छाती ठसठशीत जांभळी, पोट पिवळे व पाठ हिरवी असते आणि या रंगांच्या सीमा रेखीव असतात. पिल्ले मात्र राखाडी-हिरवट असतात. पायात बंद कडी असलेला पक्षी मिळाल्यास उत्तम. ही कडी पिल्लू साधारण आठवड्याचे असतानाच चढवता येते, मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जात नाही. त्यामुळे पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो.

पिंजरा आणि येथील हवामान

फिंच सरळ रेषेत उडतात, पोपटांसारखे चढत नाहीत. म्हणून पिंजरा उंच नव्हे, लांब हवा. एका जोडीसाठी किमान तीन फूट लांबी ठेवावी. तारांमधील अंतर एक सेंटिमीटरहून अधिक नसावे. अन्यथा डोके अडकते, शिवाय साप व उंदीर आत शिरतात. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यास मुंग्यांचा उपद्रव टळतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो आणि पौषातल्या रात्री चांगल्याच गारठतात. गोल्डियन हा उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशातला पक्षी. सावली आणि पाणी असेल तर तो उन्हाळा काढतो, परंतु थंड वाऱ्याचा झोत त्याला सोसत नाही. उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. वाळ्याची ताटी किंवा कूलर चालेल, मात्र त्याचा झोत थेट पक्ष्यांवर येता कामा नये. वीज गेल्यावरही खोली हवेशीर राहील अशी जागा निवडावी. पाणी दिवसातून दोनदा बदलावे. आंघोळीसाठी उथळ थाळी ठेवावी. थंडीत पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड कापडाने झाकाव्यात. कोळशाची शेगडी जवळ ठेवू नये, कारण तिच्या धुराने पक्षी गुदमरतात. नॉन-स्टिक भांडे अतितापल्यावर निघणारी वाफही पक्ष्यांना मारते, म्हणून स्वयंपाकघर ही फिंचची जागा नव्हे.

आहार

राळा हे फिंचचे मुख्य अन्न. त्यासोबत कोदो व कुटकीचे न सडलेले, सालीसकट दाणे देता येतात. छिंदवाड्याच्या डोंगराळ भागात ही धान्ये पिकतातच. धान्य कोरडे व ताजे असावे. दमट साठवणीत धरणाऱ्या बुरशीचे विष छोट्या पक्ष्याच्या यकृतावर घाला घालते. पावसाळ्यात म्हणून एका वेळी थोडेच धान्य आणावे. मोड आलेले दाणे, उकडलेले अंडे, धुतलेली कोथिंबीर व पालक हे आठवड्यातून काही वेळा द्यावेत. समुद्रफेन किंवा उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलांची भुकटी नेहमी उपलब्ध असावी. त्यातून कॅल्शियम मिळते.

संत्र्याच्या बागांच्या आणि कपाशीच्या पट्ट्यातील पालकांना एक विशेष सूचना. बांधावरचे ओले गवत व कणसे फिंच आवडीने खातात, परंतु फवारणी झालेल्या बागेलगतचे गवत त्यांना कधीही घालू नये. अवघ्या १५-२० ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला कीटकनाशकाचा लवलेशही पुरेसा होतो. घरच्या कुंडीत राळा पेरून त्याचे कोवळे तुरे देणे हा सुरक्षित मार्ग आहे.

प्रजनन

पोळ्यानंतर पाऊस ओसरू लागला की गोल्डियनच्या जोड्या लावाव्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर घरटी काढून घ्यावीत. मादी चार ते आठ अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने उबवतात. सुमारे १५ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि साधारण तीन आठवड्यांनी घरटे सोडतात. पिल्लांच्या चोचीच्या कोपऱ्यांत निळसर चमकदार गाठी असतात. अंधाऱ्या घरट्यात त्या चमकून दिसतात. वर्षात दोनहून अधिक विणी घेऊ नयेत. कॅल्शियमची उणीव आणि थंडी यांमुळे अंडे अडकून मादी दगावण्याचा धोका असतो.

गोल्डियनमध्ये काळे, लाल आणि पिवळसर-नारिंगी असे तीन डोकेरंग आढळतात. वन्य थव्यांत काळे डोके सर्वाधिक, पिवळसर अत्यंत दुर्मीळ. रंगांची सरमिसळ करून पाहण्याचा मोह पालकाला होतो. परंतु सारा प्राइक आणि सायमन ग्रिफिथ या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाल व काळ्या डोक्याच्या मिश्र जोड्यांच्या पिल्लांत, विशेषतः माद्यांत, मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. शक्यतो एकाच डोकेरंगाची जोडी लावावी. सख्ख्या भावंडांची जोडी कधीच लावू नये. त्यासाठी प्रत्येक पक्ष्याचा कडी क्रमांक, जन्मदिनांक आणि आईबाप यांची वही ठेवावी.

अनेक पालक गोल्डियनची अंडी बेंगालीजच्या घरट्यात ठेवतात. बेंगालीज ही उत्तम दाई आहे यात शंका नाही. मात्र तिने वाढवलेली पिल्ले पुढे स्वजातीऐवजी बेंगालीजकडेच ओढली जाण्याचा संभव असतो. जोडी स्वतः पिल्ले वाढवत असेल, तर तिला वाढवू द्यावीत.

दिवाळीतील फटाके नेमके विणीच्या हंगामात येतात. रात्री घाबरलेले पक्षी अंधारात जाळीवर आदळतात, घरटे सोडतात. त्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत हलवून मंद दिवा लावून ठेवावा.

आजार

श्वास घेताना टिकटिक आवाज येणे, चोच उघडी राहणे, नराचे गाणे बंद होणे ही वायुकोषातील सूक्ष्म गोचिडांची लक्षणे होत. गोल्डियनमध्ये हा रोग विशेष आढळतो. त्यावर औषध आहे, परंतु मात्रा थेंबाच्या हिशेबात असल्याने ती पशुवैद्यानेच ठरवावी. कोंबड्यांचे औषध अंदाजाने देणे म्हणजे पक्षी गमावणे. १९५८ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय या भागाला जबलपूरपेक्षा कितीतरी जवळ आहे.

नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. २०२५ च्या आरंभी छिंदवाडा शहरात मांजरांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू आढळला होता, हे विसरू नये. अशा काळात पक्ष्यांची खरेदी थांबवावी, पिंजऱ्यावर कावळे-कबुतरे बसू देऊ नयेत आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून येऊन हात न धुता फिंचना हाताळू नये. पक्षी एकाएकी मेल्यास पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

नको झालेला पक्षी

छंद सुटला म्हणून फिंच मोकळ्या हवेत सोडू नयेत. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर बहुधा उपाशी मरतो किंवा शिकारी पक्ष्यांच्या तावडीत सापडतो. तगलाच तर आपला रोग देशी मुनियांना देतो. तो दुसऱ्या पालकाला सोपवावा आणि प्रजाती अनुसूचीतील असल्यास हस्तांतराची नोंद करावी. आपल्या घरी चुकून देशी मुनिया आली आहे असे लक्षात आल्यास तिची विक्री करू नये आणि स्वतःच्या जबाबदारीवर तिला सोडूनही देऊ नये. जवळच्या वनविभाग कार्यालयाशी संपर्क साधून ती त्यांच्या स्वाधीन करावी.