सागरी बुरशी आणि तेलप्रदूषण : एका उपेक्षित धाग्याचा इतिहास

समुद्रातील तेलप्रदूषणाच्या इतिहासात तेल पचविणाऱ्या सूक्ष्मजीवांचा उल्लेख येतो तो प्रामुख्याने जीवाणूंच्या रूपाने. बुरशीला तेथे फारसे स्थान मिळाले नाही. असे का घडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बार्गहूर्न व लिंडर यांनी १९४४ मध्ये सागरी बुरशीवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामुळे समुद्राला स्वतःची अशी बुरशी आहे हे प्रस्थापित झाले. परंतु तिचे नाते बुडालेल्या लाकडाशी जोडले गेले. १९४६ मध्ये क्लॉड झोबेल यांनी हायड्रोकार्बनवरील सूक्ष्मजीवांच्या क्रियेचा आढावा घेतला. झोबेल हे मूलतः सागरी जीवाणुशास्त्रज्ञ. पुढील संशोधनाची दिशा बव्हंशी तेथेच ठरली, असे वाटते.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळले आणि सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चे तेल संकटाचे कारण बनले. तेल हटविण्यासाठी सुमारे १० हजार टन डिटर्जंट फवारले गेले. खडकांवरील जीवसृष्टीची हानी तेलापेक्षा या उपायानेच अधिक केली. त्यानंतर जैविक उपायांकडे लक्ष वळले खरे. पण १९८० मध्ये आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेलभक्षक जीवाणूचे एकस्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ग्राह्य धरले आणि सारी प्रसिद्धी जीवाणूकडे गेली.

गंमत अशी, की बुरशी तेलावर जगते हे विमान अभियंत्यांना ठाऊक होते. इंधनाच्या टाक्यांत वाढून गाळण्या तुंबविणारी ‘केरोसीन बुरशी’ त्यांची डोकेदुखी होती. ज्या गुणाचा उपयोग व्हावयाचा, तो उपद्रव म्हणून नोंदला गेला.

जीवाणू वेगाने वाढतात व तेलातील साध्या शृंखला प्रथम संपवितात. बुरशीची गती मंद. मात्र तिचे तंतू घट्ट तेलात शिरतात आणि काही जातींची विकरे पेशीबाहेर पडून जटिल वलयी संयुगांवरही क्रिया करतात. अपघातानंतर शासनाला तातडीचा परिणाम हवा असतो. मंद गतीच्या जीवाला तेथे कोण विचारणार? शिवाय उघड्या समुद्रात नत्र व स्फुरद यांची उणीव असते, ही अडचण बुरशीलाही चुकत नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे वाहून येतात. हलके घटक उडून गेल्यावर उरलेले हे घट्ट तेल होय. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी या गोळ्यांतील जीवाणूंबरोबर बुरशीचाही अभ्यास हाती घेतला आहे.