ओळखीचा शल्यविशारद

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या जबड्यात गाठ निघाली. तंबाखूची सवय जुनी, त्यामुळे निदानाविषयी फारशी शंका नव्हती. घरात बैठक बसली आणि पहिला प्रश्न निघाला तो हाच, की ओळखीचा कोण आहे? व्याह्यांच्या माहितीतले कान-नाक-घशाचे एक नामांकित डॉक्टर निघाले आणि तेथेच निर्णय झाल्यात जमा झाला. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. घरी परतल्यावर मात्र स्वस्थता लाभेना. अर्नेस्ट जोन्स यांनी लिहिलेले सिग्मंड फ्रॉइड यांचे चरित्र पूर्वी वाचले होते. त्याचा 1957 साली निघालेला तिसरा खंड पुन्हा काढला. ‘ओळखीचा कोण?’ या प्रश्नाची किंमत त्यात एका थोर माणसाच्या जबड्याने चुकती केलेली आहे.

फ्रॉइड यांना 1923 च्या आरंभी आपल्या तोंडात, उजव्या बाजूस, टाळू व जबड्याच्या ठिकाणी एक वाढ दिसली. ते त्यावेळी 66 वर्षांचे होते आणि दिवसाकाठी वीसेक सिगार ओढत असत. ते स्वतः 1881 चे व्हिएन्ना विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर होते. सगळी वैद्यकनगरी त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी निवडले ते मार्कुस हायेक यांना. हायेक हे कान-नाक-घशाच्या शाखेतले प्राध्यापक, नाकालगतच्या पोकळ्यांच्या विकारांवर अधिकारवाणीने बोलणारे. (नाटककार आर्थर श्निट्झलर यांचे ते मेहुणे. व्हिएन्नात कोण कोणाचा कोण लागतो हे पाहू गेले, तर आपल्याकडच्या पेशवाई घराण्यांची आठवण व्हावी!) किरकोळ शस्त्रक्रिया आहे, असे हायेक म्हणाले. एप्रिल महिन्यात फ्रॉइड घरी काही न सांगता एकटेच त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात गेले.

पुढची हकीकत वाचताना आजही अंगावर काटा येतो. रक्तस्राव अपेक्षेपेक्षा फार झाला. रुग्णालयातून घरी निरोप गेला तेव्हा पत्नी मार्था आणि कन्या आना धावत आल्या. पाहतात तो फ्रॉइड एका साध्या खुर्चीवर रक्ताळलेल्या कपड्यांनिशी बसलेले. भेटीची वेळ संपली म्हणून दोघींना घरी पाठवण्यात आले. फ्रॉइड यांना एका लहानशा खोलीत, बौद्धिक वाढ खुंटलेल्या एका ठेंगण्या रुग्णाच्या सोबतीला ठेवले होते. तेथे पुन्हा रक्त वाहू लागले. त्यांनी घंटेचे बटण दाबले तर घंटा बिघडलेली, आणि तोंडातून शब्द फुटेना. तो सोबतीचा रुग्णच धावत गेला आणि परिचारिकेला घेऊन आला. मनोविश्लेषणाचा जनक त्या दिवशी वाचला तो बहुधा त्या अनामिक माणसामुळे.

हायेक अडाणी नव्हते. ज्या शाखेत त्यांनी नाव कमावले होते तिच्या शेजारच्या शाखेतले काम त्यांनी हाती घेतले, इतकेच. व्रण भरताना आकसतो आणि तोंड उघडेनासे होते, हे जबड्यावर नित्य काम करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे लागते. त्याची काही तजवीज हायेक यांनी केली नाही, असे जोन्स नोंदवतात. शिवाय रोग कर्करोगाचा आहे हे रुग्णाला सांगितलेच नाही. फेलिक्स डॉयच या त्यांच्या स्नेही वैद्यानेही ते लपवले. ओळखीच्या डॉक्टरांचा हा दुसरा दोष आम्ही आपल्याकडेही पाहिला आहे. त्यांना खरे बोलणे जड जाते.

सप्टेंबरअखेर हान्स पिख्लर यांना बोलावण्यात आले आणि चित्र पालटले. त्याकाळी ऑस्ट्रियात दंतवैद्य होण्यासाठी आधी वैद्यकाची पदवी घ्यावी लागे. पिख्लर यांनी ती घेतली, आयझेल्सबर्ग या ख्यातनाम शल्यविशारदाच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग शिकागोस जाऊन जी. व्ही. ब्लॅक यांच्याकडे दंतशास्त्राचे धडे गिरवले. पहिल्या महायुद्धात जबडे फुटलेले सैनिक त्यांच्यापुढे रांगेने आले. हाड कापणारा हात आणि दातावर दात कसा बसतो हे जाणणारी नजर, दोन्ही एकाच माणसाच्या ठायी होती. केवळ शास्त्र किंवा केवळ कर्म जाणणारा वैद्य एका पंखाच्या पक्ष्यासारखा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे, त्याची येथे आठवण होते.

पिख्लर यांनी ऑक्टोबर 1923 मध्ये दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया केली. उजव्या बाजूच्या वरच्या जबड्याचा व टाळूचा मोठा भाग काढला, खालच्या जबड्याचाही काही अंश गेला. तोंड आणि नाक यांमधला पडदाच नाहीसा झाल्याने एक मोठा कृत्रिम सांगाडा बसवावा लागला, त्याला घरात ‘राक्षस’ म्हणत. नोव्हेंबरात तपासलेल्या तुकड्यात रोग उरल्याचे दिसताच पिख्लर यांनी तसे फ्रॉइड यांना स्पष्ट सांगितले आणि पुन्हा शस्त्र हाती घेतले. त्यानंतर फ्रॉइड सोळा वर्षे जगले. शस्त्रक्रिया तिसांहून अधिक झाल्या. उजव्या कानाने ऐकू येईना, वाणी घोगरी झाली, 1930 साली ग्योटे पुरस्काराचे भाषण आना यांना वाचावे लागले. हे आयुष्य सुखाचे होते असे कोण म्हणेल? पण त्यातली लेखणी थांबली नाही, आणि पिख्लर प्रत्येक भेटीचे टाचण ठेवत राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच पिख्लर यांच्या हाताखाली ह्यूगो ओबवेगेसर हा तरुण शिकला. खालचा जबडा तोंडाच्या आतूनच उभा चिरून मागेपुढे सरकवण्याची जी पद्धत त्याने 1950 च्या दशकात रूढ केली, तिच्यावर आजही जगभर काम चालते. पुढे आलेली हनुवटी किंवा न जुळणारे दात यांसाठी आपल्या मुलांवर जी शस्त्रक्रिया होते तिचे गोत्र असे व्हिएन्नाला जाऊन पोहोचते.

आपल्याकडे मार्ग थोडा निराळा आहे. दंतवैद्यकाची पदवी, त्यावर मुख व जबड्याच्या शल्यशास्त्रातील तीन वर्षांची एम.डी.एस., हा एक रस्ता, एम.बी.बी.एस. नंतर शल्यशास्त्र आणि मग डोके-मानेचा कर्करोग हा दुसरा. गाठीला एक लागतो, वाकड्या जबड्याला दुसरा, आणि कित्येकदा दोघे मिळून लागतात. आमच्या स्नेह्यांच्या मुलाने अखेर धीर करून त्या नामांकित डॉक्टरांनाच विचारले, की अशा शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता, नंतर दात आणि गिळणे कोण पाहील, आणि नोंदणी कोणत्या परिषदेची आहे? डॉक्टर रागावले नाहीत. थोडा वेळ थांबून त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका चमूचे नाव लिहून दिले. शस्त्रक्रिया तेथे झाली. स्नेही आता मऊ भात खातात, आणि तक्रार करतात ती भाताचीच.

जून 1938 मध्ये नाझींच्या हातून सुटून फ्रॉइड लंडनला गेले. तेथे निष्णात शल्यविशारदांची वाण नव्हती. तरीही सप्टेंबरात रोग पुन्हा बळावला तेव्हा बोलावणे व्हिएन्नाला गेले. पिख्लर लंडनला आले, 8 सप्टेंबरला त्यांनी शस्त्रक्रिया केली आणि ते परत गेले.