खेळाचा तास ‘विषय’ कसा झाला? कवायतीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत

१/ परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातील ‘पी.टी.’चा तास सर्वांत आधी गणिताच्या किंवा विज्ञानाच्या पदरात पडतो. ही सवय एखाद्या शाळेची नव्हे. खेळ हा शिकण्याचा विषय आहे की केवळ शिस्त लावण्याचे साधन, हा वाद आपल्याकडे सुमारे दीडशे वर्षे चालू आहे. त्याचा हा धावता आढावा.

२/ १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने शाळांतून देशी खेळ, जिम्नॅस्टिक व कवायत यांना उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली. ती सक्ती नव्हती. ज्या शाळांनी ती मनावर घेतली, तेथे बहुधा सैन्यातून निवृत्त झालेला शिपाई ‘ड्रिलमास्तर’ म्हणून आला. तो रांग लावी, हुकूम सोडी. शरीराचे कार्य कसे चालते, हे त्याने शिकवावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

३/ त्याच काळी शाळेच्या भिंतीबाहेर समृद्ध परंपरा नांदत होती. तालमीत कुस्ती, मल्लखांब, जोर-बैठका, लाठी यांचे ज्ञान उस्तादाकडून शिष्याकडे जात असे. परंतु ते मुख्यतः तोंडी होते. प्रत्येक तालमीची रीत निराळी. इयत्तावार अभ्यासक्रमासाठी शाळेला लागते ती लिखित, सर्वमान्य पद्धत.

४/ हे काम पुण्याने हाती घेतले. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम सिद्ध केले. नियम कागदावर आले, म्हणजे दोन अनोळखी शाळांचे संघ एकाच मैदानावर उतरू शकतात, पंच निकाल देऊ शकतो आणि शिक्षकाला खेळ पायरीपायरीने शिकवता येतो. अभ्यासविषय होण्याची ही पहिली अट होती.

५/ लेखनाचा याहून मोठा प्रयत्न बडोद्यात झाला. द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. तालमीतील मौखिक विद्या अशा रीतीने ग्रंथालयाच्या फडताळावर आली.

६/ दुसरी अट म्हणजे प्रशिक्षित शिक्षक. मद्रासमध्ये १९२० साली हॅरी क्रो बक यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायाम-शिक्षक घडवण्याचे काम अंगावर घेतले. याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली.

७/ तिसरी अट, शास्त्रीय पाया, एका संन्याशाने पुरवली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याच्या माणिकरावांचे शिष्य आणि पेशाने शिक्षक. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले व ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक काढले. आसने करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व रक्तदाबाच्या मोजमापांनी तपासले. श्रद्धेच्या जागी त्यांनी प्रश्न ठेवला, आणि खरा विषय प्रश्नापासूनच सुरू होतो.

८/ १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. शारीरिक शिक्षणासाठी सरकारने नेमलेल्या समितीची धुरा कुवलयानंदांकडे सोपवण्यात आली. पुढच्याच वर्षी कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था उघडली. पी. एम. जोसेफ तिचे प्राचार्य झाले. ड्रिलमास्तराची जागा आता पदविकाधारक शिक्षक घेऊ लागला.

९/ १८५७ च्या शताब्दीचे औचित्य साधून १९५७ साली ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले आणि तेथे शारीरिक शिक्षणाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे पहिले प्राचार्यपदही जोसेफ यांच्याकडेच आले. कांदिवलीचा अनुभव असा देशपातळीवर पोहोचला.

१०/ मात्र जुना प्रश्न मिटला नव्हता. १९५४ साली आझाद हिंद सेनेचे सेनानी जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ सुरू झाली. आरंभ झाला तो निर्वासित मुलांपासून. हेतू उदात्त होता. पण शाळांत शारीरिक शिक्षण, एन.सी.सी. व शिस्त योजना हे तीन प्रवाह एकाच वेळी वाहू लागले. त्यांचा मेळ घालण्यासाठी १९५९ साली हृदयनाथ कुंझरू समिती नेमावी लागली.

११/ आजचे चित्र पाहा. सी.बी.एस.ई.च्या बारावीला शारीरिक शिक्षण हा १०० गुणांचा ऐच्छिक विषय आहे: ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. त्यात शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, मानसशास्त्र व प्रशिक्षणपद्धती येतात. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीत मात्र या विषयाला श्रेणी मिळते, आणि ती टक्केवारीत धरली जात नाही. गुणांच्या शर्यतीत त्याचा तास आधी का जातो, याचे एक उत्तर येथे आहे.

१२/ उलट धोकाही आहेच. मैदानावर न उतरता केवळ पाठांतरावर लेखी गुण मिळत असतील, तर तो विषय राहील, खेळ राहणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम व अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत पाडण्याची भाषा केली आहे. ती वेळापत्रकात कशी उतरते, यावर सारे अवलंबून आहे.

१३/ इतिहास एवढेच सांगतो: लिखित नियम, जाणता शिक्षक आणि ‘असे का घडते?’ हा प्रश्न, ही तिन्ही एकत्र आली तेव्हा खेळ विषय झाला. केवळ हुकूम उरला तेव्हा तो पुन्हा कवायत झाला. ज्या मुलाच्या वाट्याला ना क्लब आहे ना तालीम, त्याच्यासाठी शाळेतला तो तास हेच एकमेव मैदान असते. म्हणून तो तास कोणी उसना मागितला, तर मित्रहो, हा इतिहास त्यांना अवश्य सांगा.