डेव्हनवरची कॅसेट आणि शिकागोचा ट्रम्पेट

गोष्ट १९९८ सालची. कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे त्या सुमारास इकडच्या रेडिओवरही वाजत होते. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्याने विचारले, “ही आशा कोण?” मी आशा भोसले, सांगली, मंगेशकर घराणे यांविषयी दहा मिनिटे अभिमानाने बोललो. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, “मग तुमच्याकडचे पॉप ऐकव की! सतार नको. तू स्वतः आवडीने ऐकतोस ते दे.”

आपल्यापैकी अनेकांची पंचाईत होते ती इथेच. परक्या माणसाला आपण काय देतो? रविशंकर, भीमसेन, फार तर एखादी गझल. म्हणजे त्याला भारदस्त वाटेल ते. गाडीत एकटे असताना जे लावतो, ते मात्र लपवून ठेवतो. हा हसेल आणि “ही तर आमचीच नक्कल” म्हणेल, अशी मनात धास्ती असते.

शनिवारी नेहमीप्रमाणे डेव्हन ॲव्हेन्यूला गेलो. १९७४ साली पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान निघाले ते याच रस्त्यावर. पुढे डाळ-तांदूळ, साड्या, गावी न्यायची २२० व्होल्टची यंत्रे आणि कॅसेटी, सारे इथेच मिळू लागले. सौ. भेंडी निवडत होती, तोवर मी कॅसेटच्या दुकानात शिरलो. दर्शनी भागात अलिशा चिनॉयची ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदी यांच्या कॅसेटींची थप्पी होती. मी मागच्या फळीवरच्या दोन जुन्या उचलल्या: एक ‘अलबेला’ची, दुसरी सी. रामचंद्रांच्या निवडक गाण्यांची.

रामचंद्र नरहर चितळकर हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. रागदारीवर पोसलेल्या या माणसाने १९४७ च्या ‘शहनाई’त पाश्चात्त्य ठेका आणला. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांना त्यांच्या चालींवर नाचवले. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात तर त्यांनी रॉक अँड रोलच आणला, आणि तेच गाणे किशोरकुमार व आशाताई यांच्याकडून वेगवेगळे गाऊन घेतले. त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ होते. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे हे ट्रम्पेटवादक ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. म्हणून मुंबईच्या स्टुडिओत संगीतकार चाल गाऊन दाखवी, आणि गोवेकर मंडळी ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकाला त्याचा भाग लिहून देत.

सोमवारी मी कॅसेटी दिल्या, त्याही सारवासारव करीत: “जुन्या आहेत, थोड्या नकलीही वाटतील.” सहकारी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “हा ट्रम्पेट माझ्या आजोबांच्या रेकॉर्डांतला आहे. तुमच्या माणसाला कुणी शिकवला?”

मला उत्तर देता येईना. ते पुढे वाचनात सापडले. टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय पियानोवादक १९२० च्या दशकात इथे शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजवीत असे. १९२६ मध्ये तो आशियात गेला. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजू लागला, आणि १९४५ मध्ये तो कलकत्त्यात वारला. ताजमध्ये येणाऱ्या अशाच अमेरिकन वादकांकडून गोव्या-मुंबईच्या वादकांनी जॅझ कानात साठवला. चिक चॉकलेटना तर ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. म्हणजे शिकागोहून निघालेला सूर ताजमार्गे मुंबईच्या स्टुडिओत गेला, ढोलकाच्या संगतीने मुखडा-अंतऱ्यात बसला आणि कॅसेटीतून पुन्हा शिकागोलाच आला होता. मी मात्र त्याच्याबद्दल माफी मागत होतो!

आपल्याकडे सरळ उचललेल्या चालीही आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सी. रामचंद्रांचे काम त्या जातीचे नव्हे. पुढे २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटने आशाताईंना घेऊन राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला, त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या वादकांकडून सिंफनी वाजवून घेतली. ये-जा चालूच आहे.

तेव्हा मंडळी, उद्या शेजारी किंवा मुलांचे मित्र विचारतील, तेव्हा भारदस्त काय ते शोधत बसू नका. ‘अलबेला’ द्या, ‘सैराट’ द्या, आणि गाण्यामागची हकीकतही सांगा. माझ्या सहकाऱ्याने त्या दोन कॅसेटी काही परत केल्या नाहीत. मीही मागितल्या नाहीत. पुढच्या शनिवारी डेव्हनला जाऊन दुसऱ्या घेतल्या.