विल्सन व्याख्याने आणि मराठीची वंशावळ

१८७७ साली मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानमालेत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी सात व्याख्याने दिली. माला जॉन विल्सन या मिशनरी पंडिताच्या नावाची. ते याच विद्यापीठाचे कुलगुरूही होते. वक्ता चाळिशीचा, संस्कृतचा अध्यापक.

आरंभी भाषाविकासाचे सामान्य नियम आणि संस्कृत, मग पाली, पुढे प्राकृते व अपभ्रंश. आणि चौथ्या व्याख्यानापासून उत्तर भारताच्या बोलत्या भाषा. ‘हस्त’चा ‘हत्थ’ व ‘हत्थ’चा ‘हात’ होतो तो नियमाने. शास्त्रीपंडित जिला भ्रष्टता म्हणत आले, तिला येथे इतिहास मिळाला. बीम्सच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला खंड १८७२चा, हर्नलेचे व्याकरण १८८०चे; हे ध्यानात घेतले म्हणजे भांडारकरांचे धाडस कळते.

गंमत (की खंत?) अशी, की मराठीची वंशावळ जेथे मांडली जात होती, त्या विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमातून मराठी १८६०च्या दशकातच वगळली गेली होती. व्याख्यानेही अर्थात इंग्रजीत. न्यायमूर्ती रानड्यांच्या खटपटीने मराठी परतली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, तीही एम.ए.ला.

आणि सातही व्याख्याने ग्रंथरूपाने एकत्र आली १९१४ साली! तब्बल सदतीस वर्षांनी. तोवर भांडारकर सत्तरी ओलांडून गेले होते. लगोलग, १९१५-१६मध्ये, त्याच मालेत नरसिंहराव दिवेटिया गुजरातीवर बोलले.