क्रोक पार्कचे दरवाजे

१९३८ सालच्या डिसेंबर महिन्यात आयर्लंडमधील गेलिक ॲथलेटिक असोसिएशन या बलाढ्य क्रीडासंस्थेने आपल्या एका आश्रयदात्याचे नाव यादीतून काढून टाकले. हे आश्रयदाते म्हणजे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड. त्यांचा अपराध एवढाच, की आदल्या महिन्यात डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर झालेला आयर्लंड विरुद्ध पोलंड हा फुटबॉलचा सामना पाहण्यास ते राष्ट्रप्रमुख या नात्याने उपस्थित राहिले होते. संस्थेच्या दृष्टीने फुटबॉल हा परकीय खेळ होता आणि परकीय खेळ खेळणे तर सोडाच, तो पाहणेही निषिद्ध होते. १८९३ साली गेलिक लीगची स्थापना करून मरणपंथाला लागलेल्या आयरिश भाषेसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांच्याच आयरिशपणावर अशा रीतीने प्रश्नचिन्ह उमटले! खेळातून राष्ट्र घडते हे खरे. पण खेळाच्या नावाने राष्ट्राभोवती कुंपण घातले, तर आत कोण उरतो आणि बाहेर कोण पडतो, हा प्रश्न या घटनेने उभा केला.

या कुंपणाचा पाया समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागेल. १८४५ पासून पडलेल्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. गावेच्या गावे ओस पडली. भाषा, लोकगीते आणि खेळ यांना उतरती कळा लागली. वक्र टोकाच्या काठीने खेळला जाणारा हर्लिंग हा त्या भूमीचा प्राचीन खेळ. कू खुलिन या वीराच्या दंतकथेतही तो आहे. परंतु आता तो काही मोजक्या भागांत तग धरून होता. त्याच वेळी इंग्लंडमध्ये नियमबद्ध झालेले क्रिकेट, रग्बी आणि फुटबॉल हे खेळ शाळा, छावण्या व बंदरे यांच्या वाटेने आयर्लंडमध्ये पसरत होते.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्लस या गावी, हेज यांच्या हॉटेलात मूठभर माणसे जमली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा जन्म झाला. तिचे मुख्य प्रवर्तक मायकल क्यूसॅक हे पेशाने शिक्षक. जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ या कादंबरीतील ‘सिटिझन’ हे पात्र त्यांच्यावरूनच बेतले असे मानले जाते. विशेष म्हणजे क्यूसॅक यांनी स्वतः पूर्वी रग्बी आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ आवडीने खेळले होते. संस्थेला तीन आश्रयदाते लाभले : राजकीय नेते पार्नेल, शेतकऱ्यांच्या चळवळीचे डेव्हिट आणि कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक. आर्चबिशप क्रोक यांनी संमतीदाखल लिहिलेले पत्र संस्थेची जणू सनदच ठरले. इंग्लंडच्या मालाबरोबर तेथल्या चालीरीती, पोशाख आणि खेळही आपण डोळे मिटून आयात करीत आहोत आणि आपले म्हणून जे आहे त्याची लाज बाळगत आहोत, असा त्या पत्राचा आशय होता.

संस्थेचे यश मात्र पत्रापेक्षा तिच्या रचनेत होते. तिने धर्मग्राम हा क्लबचा पाया मानला. रविवारी मिस्साबलिदानाला जी माणसे एकत्र येत, तीच दुपारी मैदानावर आपल्या धर्मग्रामाच्या संघामागे उभी राहत. खेळाडूला मानधन नाही. गावाचा मान हेच त्याचे वेतन. धर्मगुरू अनेक ठिकाणी क्लबचे अध्यक्ष असत, ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळा नवे खेळाडू घडवीत, आणि अखिल आयर्लंड अंतिम सामन्याच्या प्रारंभी बिशपांच्या हस्ते चेंडू टाकण्याची प्रथा कित्येक दशके चालली. १९१३ साली संस्थेने डब्लिनमध्ये विकत घेतलेल्या मैदानाला आर्चबिशपांचे नाव देण्यात आले : क्रोक पार्क.

२१ नोव्हेंबर १९२० च्या रविवारी हे मैदान रक्ताने माखले. त्या दिवशी सकाळी मायकल कॉलिन्स यांच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना ठार केले होते. दुपारी डब्लिन विरुद्ध टिपररी हा गेलिक फुटबॉलचा सामना सुरू असताना ब्रिटिश दलांनी मैदानात शिरून जमावावर गोळीबार केला. चौदा जणांचे प्राण गेले. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकल होगन हाही होता. पुढे प्रेक्षागाराच्या एका भागाला त्याचे नाव देण्यात आले. त्या दिवसापासून क्रोक पार्क हे केवळ क्रीडांगण राहिले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेला परकीय खेळांवरील बंदीचा नियम पुढे इतका कठोर का राहिला, याचे एक उत्तर या जखमेत आहे.

परंतु इतिहास कुंपणाच्या रेषेप्रमाणे सरळ चालत नाही. रग्बीचेच पाहा. हा खेळ ट्रिनिटी कॉलेजातून, म्हणजे प्रॉटेस्टंट सरदारवर्गाच्या विद्यापीठातून पसरला. तरीही जेझुइटांच्या क्लाँगोज वुड व होली घोस्ट संघाच्या ब्लॅकरॉक या कॅथलिक विद्यालयांनी तो मनापासून स्वीकारला. १९१६ च्या उठावातील सेनानी आणि पुढे पंतप्रधान व राष्ट्राध्यक्ष झालेले एमन डी व्हॅलेरा तरुणपणी रग्बीच खेळत. लिमरिक शहरात तर गोदीकामगार आणि कष्टकरी यांचा तो जीव की प्राण होता. म्हणजे ख्रिस्तसभेचा एक हात हर्लिंगच्या काठीवर होता, तर दुसरा रग्बीच्या लांबट चेंडूवर. धर्म एकच, पण वर्ग आणि शाळा यांनुसार खेळ निराळा.

फाळणीनंतरचे चित्र त्याहून उद्बोधक आहे. ‘परकीय’ म्हणून हिणवल्या गेलेल्या रग्बीने देशाच्या फाळणीनंतरही एकच संघ ठेवला. बेलफास्टचा प्रॉटेस्टंट आणि कॉर्कचा कॅथलिक एकाच हिरव्या पोशाखात खेळत राहिले. उलट फुटबॉल दुभंगला. १९२१ साली चषकस्पर्धेच्या उपांत्य फेरीचा फेरसामना डब्लिनऐवजी पुन्हा बेलफास्टलाच खेळण्याचा आदेश निघाला. डब्लिनच्या शेलबर्न क्लबने नकार दिला आणि त्याच वर्षी डब्लिनची स्वतंत्र संघटना उभी राहिली. तेव्हापासून फुटबॉलमध्ये दोन आयर्लंड आहेत. राष्ट्रीय एकतेची कसोटी लावली, तर परकीय ठरवलेला एक खेळ तीत उतरला आणि दुसरा उतरला नाही!

फुटबॉल हा शहरी कामगारांचा खेळ. ब्रिटिश शिपायांच्या छावण्यांशी त्याचे नाते जोडून त्याला ‘छावणीचा खेळ’ म्हणत. तरीही डब्लिनच्या गल्ल्यांतील मुलांनी तो सोडला नाही. १९५५ मध्ये युगोस्लाव्हियाचा संघ डब्लिनला येणार होता. तेथील साम्यवादी राजवटीने कार्डिनल स्टेपिनात्स यांना आधी तुरुंगात आणि नंतर नजरकैदेत ठेवले होते. डब्लिनचे आर्चबिशप मॅक्वेड यांनी सामन्यास तीव्र विरोध दर्शवला. राष्ट्राध्यक्ष गेले नाहीत, आकाशवाणीच्या समालोचकाने माघार घेतली; पण वीस हजारांहून अधिक प्रेक्षक मैदानावर हजर झाले. आयर्लंड हरले. हे प्रेक्षक बव्हंशी श्रद्धावंत कॅथलिकच होते. मिस्सा चुकवायची नाही आणि सामनाही चुकवायचा नाही, एवढेच त्यांचे साधे गणित होते.

बंदीच्या काळात दक्षता समित्यांची माणसे सामन्यांत डोकावून आपले सभासद हेरीत. केरी परगण्याचा गेलिक खेळाडू मॉस कीन महाविद्यालयात रग्बी खेळला तो टोपणनावाने. पुढे त्याने दशकभर आयर्लंडचे प्रतिनिधित्व केले. दूरचित्रवाणी घरोघरी आल्यावर तर हा नियम हास्यास्पद होऊ लागला. मैदानावर जो सामना पाहणे गुन्हा, तोच घरी बसून सगळे पाहत होते. अखेर १९७१ साली बेलफास्ट येथील अधिवेशनात बंदी उठली.

१९९० च्या विश्वचषकात आयर्लंडचा फुटबॉल संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. त्याचे प्रशिक्षक जॅक चार्लटन हे इंग्रज, आणि अनेक खेळाडू इंग्लंडमध्ये जन्मलेले, स्थलांतरितांचे वंशज. दुष्काळापासून देशाबाहेर गेलेल्या पिढ्यांची नातवंडे जणू चेंडूच्या मागे धावत परत आली. रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या संघाची भेट घेतली. तरुणपणी पोपमहोदय स्वतः गोलरक्षक होते.

क्रोक पार्कचे दरवाजे मात्र अद्याप या खेळांना बंद होते. रग्बी व फुटबॉलचे लॅन्सडाउन रोड मैदान पुनर्बांधणीसाठी बंद होणार म्हणून २००५ मध्ये गेलिक संस्थेने २२७ विरुद्ध ९७ मतांनी तात्पुरती परवानगी दिली. २४ फेब्रुवारी २००७ रोजी तेथे इंग्लंडचा रग्बी संघ उतरला. जेथे ब्रिटिश गोळ्या सुटल्या होत्या, तेथेच इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजले. काय होईल या धास्तीने देशाने श्वास रोखला होता. हजारो आयरिश प्रेक्षकांनी ते राष्ट्रगीत शांतपणे, आदराने ऐकून घेतले. मग सामना सुरू झाला आणि आयर्लंडने तो ४३–१३ असा जिंकला.

त्या दिवशी हर्लिंगचे काही कमी झाले नाही. गेलिक खेळ आजही गावोगावी धर्मग्रामांच्या क्लबांतून बहरलेले आहेत आणि २०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. दुबळ्या झालेल्या समाजाला काही काळ कुंपणाची गरज असते, हे आर्चबिशप क्रोक यांनी ओळखले होते. रोपट्याला ते लागतेच. पण झाड मोठे झाल्यावरही तेच कुंपण खोडाशी घट्ट ठेवले, तर ते खोडातच रुतते. डग्लस हाइड १९४९ मध्ये निवर्तले. क्रोक पार्कचे दरवाजे उघडलेले त्यांना पाहायला मिळाले नाहीत.